सांगलीतल्या घटस्फोटाच्या वकीलबाई : पाचपैकी चार तारे

माझ्या लेकीच्या घटस्फोटाचं काम ज्या वकीलबाईंनी केलं, त्यांना पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का कापला ते पुढे येईल.

वकीलबाईंचं नाव लिहिणार नाही. वकिलांनी स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्या मला म्हणाल्याच, "काका, लिहायचं ते खुशाल लिहा, पण नाव नको. उद्या कुणी म्हणेल मीच लिहून घेतलं." शिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ असं आहे की ही कामं बंद खोलीत चालतात आणि त्यातला मजकूर छापायला मनाई असते. म्हणून लेकीचं नाव, सासरचं गाव, पोटगीची रक्कम, यातलं काही इथे सापडणार नाही. लेकीला हे आधी वाचायला दिलं. तिनं दोन ठिकाणी काट मारली, मग टाकतोय.

मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. पैसे घेतले की तिकीट द्यायचं, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे वकील निवडताना माझी पहिली परीक्षा पावतीची. आधी ज्या वकिलाकडे गेलो होतो तिथे ती पहिल्याच बैठकीत नापास झाली. "पावतीबिवती सोडा हो, आपण घरचेच. मिळेल त्यातले दहा टक्के द्या," असं ते म्हणाले. वर "सहा महिन्यांत पोरीला मोकळं करून देतो" ही हमी. खर्चाच्या कागदावर कोर्ट फी म्हणून मोठा आकडाही लिहिला होता. नंतर वकीलबाईंकडून कळलं की निकालात मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवायला वकिलाला नियमानंच मनाई आहे. आणि घटस्फोट, पोटगी, छळ असल्या कामांत बायकांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. मग तो आकडा कसला होता, देव जाणे.

आमच्या मेव्हण्याचा सल्ला याहून स्वस्तातला. पाचशेचा स्टॅम्प आणायचा, दोन्हीकडचे पंच बसवायचे, नोटरीचा लाल शिक्का मारायचा की झाली फारकत. आमच्या भागात अशा फारकती पुष्कळ होतात आणि त्यावर दुसरी लग्नंही लागतात. वकीलबाईंनी मेव्हण्याला समोर बसवून सांगितलं की स्टॅम्पपेपरवर लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. तोवर पहिलं लग्न कायम, आणि दुसरं केलं तर द्विभार्येचा गुन्हा, मग तो नवरा असो की बायको. मेव्हणा तेव्हा गप्प बसला. घरी आल्यावर म्हणाला, "वकील असंच सांगणार, त्यांचा धंदा आहे."

आता मूळ सेवेबद्दल.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पहिल्या भेटीत मी बोलायला तोंड उघडलं आणि बाईंनी हात वर केला. "काका, पक्षकार कोण? ताई ना? मग तुम्ही बाहेर बसा." मला राग आला, खोटं कशाला सांगू. लग्न मी लावलं, कर्ज मी फेडलं आणि मीच बाहेर. तासाभरानं लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण खांदे सैल पडले होते. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. वकिलाला सांगितलेली गोष्ट पक्षकाराच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ शकत नाही, तसं कायद्यातच आहे, आणि बाप त्याला अपवाद नाही. लेकीनं मला एवढंच सांगितलं की बाईंनी पहिला प्रश्न नवऱ्याबद्दल विचारलाच नाही. "तुमच्या बाजूनं काय चुकलंय ते आधी सांगा, कारण उलटतपासणीत समोरचा वकील तिथूनच सुरुवात करणार," असं विचारलं.

मी बाहेर बसलो होतो तेव्हा कारकुनानं यादी हातात दिली. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे पत्ते, नातवाचा जन्मदाखला, लेकीच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक. यादीच्या खाली छापलं होतं की वकील लावायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. आपलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल अशी सूचना स्वतःच्याच कागदावर छापणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. फी इथेच द्यायची, हे मी त्या बाकड्यावरच ठरवलं.

नवरा पुण्याकडे नोकरीला. नातेवाईक सांगत होते की केस पुण्यालाच करावी लागेल. तसं काही नाही. लग्न जिथे लागलं ते ठिकाण, दोघं शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, समोरचा राहतो ते ठिकाण, यातलं कुठलंही चालतं. बायको अर्ज करत असेल तर २००३ च्या दुरुस्तीनंतर ती सध्या जिथे राहते तिथेही चालतं. लेक मिरजेत एका लॅबमध्ये नोकरी करते. पुण्याच्या तारखा लागल्या असत्या तर ती नोकरी राहिली नसती. आमचं काम विजयनगरच्या कोर्टात चाललं.

"पटत नाही" हे कारण कायद्यात नाही, हेही तिथेच कळलं. क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशी ठरलेली कारणं आहेत आणि ती सिद्ध करावी लागतात. संसार पुन्हा जुळणं शक्यच नाही म्हणून घटस्फोट, असं मोबाईलवर वाचून लेकीनं विचारलं होतं. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये तसं म्हटलंय खरं, पण तो अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली फक्त त्यांचा, खालच्या कोर्टाला तो नाही. दोघांची संमती असेल तर कारण सांगावं लागत नाही. मात्र वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.

बाईंनी क्रूरतेवर अर्ज तयार केला, सोबत कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा. मसुदा आधी इंग्रजीत आला. लेक म्हणाली, मला समजेल अशा भाषेत हवा, मी सही करणार आहे. मराठीत करून दिला, कुरकुर न करता. त्यात लग्नाचं साल चुकलं होतं आणि नातवाचं वय एका पानावर तीन, दुसऱ्यावर चार. लेकीनं ओळ न ओळ वाचली म्हणून सापडलं. टायपिंग ज्युनिअर करतात आणि जुन्या केसच्या मजकुरावरच नवीन उठवतात, हे उघड दिसत होतं. पाचव्या ताऱ्याचा पहिला तुकडा इथे गेला.

सगळ्यात चांगलं काम पाहिलं ते दागिन्यांचं. आम्ही म्हणालो सोनं सासरी अडकलंय. बाई म्हणाल्या, "अडकलंय म्हणून कोर्ट देत नाही. काय अडकलंय ते दाखवा." लग्नाचा अल्बम मागवला. टेबलावर अल्बम, शेजारी कोरा कागद, त्यावर रकाने आखलेले : दागिना, वजन, कुणी घातला, कोणत्या फोटोत, आता कुणाकडे. एकेक पान उलटत गेल्या. मोहनमाळ लगेच सापडली. पाटल्या कन्यादानाच्या फोटोत हिरव्या चुड्यात बुडालेल्या, तिथे त्यांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. ठुशी कुठेच दिसेना. पदर, हार, मुंडावळ्या, सगळं गळ्यावरच आलेलं. शेवटी ती सापडली पाठवणीच्या फोटोत, लेक आईच्या गळ्यात पडलीय आणि मागून ठुशीचा गोंडा दिसतोय. माझी बायको तो फोटो बघून उठून गॅलरीत गेली. बाई काही बोलल्या नाहीत, फोटोचा नंबर रकान्यात लिहिला आणि पान उलटलं.

सूनमुखाला सासूनं घातलेला हारही त्यांनी यादीत घेतला. मी म्हणालो, तो त्यांचा. "काका, सुनेला घातला ना? मग तो सुनेचा." लग्नात मुलीला कुणीही दिलेलं, माहेरच्यांनी की सासरच्यांनी, ते तिचं स्त्रीधन. नवऱ्याकडे ते असतं ते नुसतं ठेवायला दिल्यासारखं, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगितलंय. सराफाकडची आमची बिलं कच्ची होती, नुसत्या चिठ्ठ्या. त्याच्याकडे जुन्या वहीत नोंदी आहेत का ते बघायला मला पाठवलं. होत्या. पुढे तडजोडीच्या वेळी समोरचे म्हणाले, एवढं सोनं नव्हतंच. बाईंनी रकाने पुढे सरकवले. फारशी वादावादी झाली नाही.

पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना मिळकतीचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून. पगाराच्या पावत्या, बँकेची विवरणपत्रं, आयकराचे कागद, सगळं. इथे घरात वाद झाला. लेकीचा लॅबमधला पगार दाखवायचा की नाही? मी म्हणालो नको. बाई म्हणाल्या, "लपवलात तर मी वकीलपत्र मागे घेते. बायको कमावते म्हणून पोटगी आपोआप बुडत नाही. पण खोटं सापडलं तर तिचं पुढचं कुठलंच बोलणं कोर्ट धरणार नाही." पगार दाखवला. तिकडून जावईबापूंचं "नोकरी सुटली" असं म्हणणं आलं आणि बँकेच्या विवरणपत्रात दर महिन्याच्या सात तारखेला पगार जमा. पुढचं सांगायला नको.

फोनवरच्या शिवीगाळीची रेकॉर्डिंग लेकीकडे होती. ती चालतील का? चालू शकतात. नवरा-बायकोतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही अशा कामात पुरावा म्हणून घेता येतं, असं जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलंय. पण मूळ फोन जपायचा, त्यातलं काही कापायचं-जोडायचं नाही, सोबत ठरल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यायचं. फोन हँग होतोय म्हणून लेक फॉरमॅट मारणार होती, बाईंनी अडवलं. तो फोन बंद करून पाकिटात घालून आमच्या कपाटात ठेवला होता.

एक नकार मला तेव्हा पटला नव्हता. आमच्याकडचे सगळे म्हणत होते की छळाची फिर्याद द्या, सासू, सासरे, दीर, इचलकरंजीला दिलेली नणंद, सगळ्यांवर. पूर्वीचं ४९८ अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५. बाईंनी लेकीला विचारलं, "नणंदेनं काय केलं, कधी, कुठे?" लेक म्हणाली, "ती दिवाळीला यायची, एवढंच." "मग तिचं नाव कशाला?" नुसतं आडनाव सारखं म्हणून नातेवाईक गोवलेले कोर्टाला चालत नाहीत, आणि एक खोटं नाव घुसलं की खऱ्या नावावरचाही विश्वास उडतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय फिर्याद दिली की लगेच अटक, हा समज २०१४ च्या निकालानंतर उरलेला नाही. त्यांनी फिर्याद देऊ नका असं सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहितोय. जे घडलंय तेच लिहा आणि ज्यानं केलंय त्याच्यावरच लिहा, एवढंच सांगितलं. लेकीनं विचार करून फिर्याद दिली नाही. निर्णय तिचा.

मध्यस्थीसाठी कोर्टानं पाठवलं तेव्हा मला धास्ती होती की तिथे बोललेलं पुढे अंगावर येईल. येत नाही. मध्यस्थापुढचं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिथेच गाडी संमतीवर आली. अटी लिहिताना समोरच्या मसुद्यात एक वाक्य गोड भाषेत घुसडलं होतं की मुलाच्या खर्चाची यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. बाईंनी पेनानं आडवी रेघ मारली. आई स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलाचा सोडायचा अधिकार तिला नाही. नातू पाच वर्षांच्या आतला असल्यानं ताबा आईकडे राहणार, यावर फारसा वाद नव्हता. भेटीचे रविवार मात्र वेळेसकट लिहून घेतले, कुठे आणायचं, कोण आणणार, आजारी असेल तर काय. तेव्हा वाटलं, एवढं कशाला ताणायचं. आता दर वेळी कागद काढून बघतो.

पैशाबद्दल त्यांची पद्धत शिकण्यासारखी. संमतीच्या अर्जाला दोन टप्पे असतात, मध्ये सहा महिने. दुसऱ्या टप्प्यात हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेल्या रकमेचा अर्धा डिमांड ड्राफ्ट पहिल्या जबाबाच्या दिवशी आणि उरलेला दुसऱ्या जबाबाच्या वेळी, कोर्टातच. सोनं वजन करून, यादीवर सही घेऊन. "नंतर देतो" हा शब्द त्यांच्या मसुद्यात कुठेच नव्हता. सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, २०१७ च्या निकालाप्रमाणे, पण दोघं दीड वर्षाच्या वर वेगळे असावेत, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असावं. आमच्या बाबतीत माफ झाली. ती होईलच असं बाईंनी एकदाही म्हटलं नव्हतं.

फी : पहिल्या भेटीचे हजार, पूर्ण कामाचे पंचेचाळीस हजार, तीन हप्त्यांत. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी वेगळं. सगळ्याच्या पावत्या आहेत. काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून दिलं की उच्च न्यायालयात जावं लागलं तर ती फी वेगळी. ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात, त्यामुळे मुंबईचा खर्च धरू नका, हेही त्यातच.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीत. संध्याकाळी सातनंतर मेसेज करा म्हणतात, उत्तर दुसऱ्या दिवशी कारकून देतो, तेही "मॅडमना विचारून सांगतो." तारखेला आम्ही कोर्टात हजर आणि बाई दुसऱ्या कोर्टात उलटतपास घेतायत, ज्युनिअर येऊन पुढची तारीख मागतो. लेकीचा त्या दिवसाचा पगार गेला त्याचं काय? एकदा मी चिडून म्हणालो, वकीलच बदलतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, बदला, हक्क आहे तुमचा, फाईल घेऊन जा. फी बाकी असली तरी वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत. त्यावर काय बोलणार. पुढे मी तारखा स्वतःच ई-कोर्टच्या ॲपवर बघायला लागलो. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, आज काय झालं, सगळं दिसतं. हा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या, कारकून आपणहून देत नाही. आणि ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी जिना लक्षात ठेवा. पाचवा तारा गेला तो असा, थोडा टायपिंगमध्ये, बराचसा फोनमध्ये, उरलेला जिन्यात.

हुकूमनामा झाला की नकलेचा अर्ज लगेच करा आणि एकाऐवजी तीन सहीशिक्क्याच्या नकला मागा. आमच्यातली एक पुण्याच्या रेशनकार्डातून लेकीचं आणि नातवाचं नाव कमी करायला लागली, एक बँकेत. रेशनकार्डाचं काम फीमध्ये नव्हतं, तरी बाईंनी अर्जाचा मसुदा फुकट लिहून दिला. त्यात मात्र एकही चूक नव्हती. तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता.